शून्य पायरी

२ जानेवारी, सकाळी ५.२०, रिगवर

या वर्षी रोजनिशी रोज लिहायची. खरं तर कालपासूनच लिहायची होती. पण काल हेलिकॉप्टरने समुद्रातल्या तेलविहिरीच्या रिगवर आलो, आणि आल्यावर तासभर तरी डोक्यात पंखा फिरत असतो.

मेसच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. कंपनी किनाऱ्यावर ट्रेनिंग सेंटर काढते आहे. नव्या भरतीच्या लोकांना समुद्रातलं ड्रिलिंग म्हणजे काय ते समजावून सांगणारा एक ट्रेनर हवा, तोही कंपनीच्याच माणसांपैकी. इच्छुकाने सोप्या भाषेत चाळीस पानांची ओळख लिहून दहा फेब्रुवारीपर्यंत द्यायची.

बावीस वर्षं मी मडच्या, म्हणजे ड्रिलिंगच्या चिखलाच्या, पंपांवर आहे. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. लग्नालाही बावीसच वर्षं झाली, म्हणजे प्रत्यक्ष संसार अकरा वर्षांचा. आता किनाऱ्यावर जायचं आणि रोज संध्याकाळी घरी चहा घ्यायचा. गुडघाही शिड्यांना कंटाळला आहे.

इथे मला सगळे मास्तर म्हणतात. कोणी काही विचारलं की मी नीट समजावून सांगतो. न विचारताही सांगतो. टूलपुशर, म्हणजे आमच्या ड्रिलिंगच्या माणसांचा मुकादम, नोटीस वाचून म्हणाला, मास्तर, ही तर तुमच्याच मापाने शिवलीय. आणि हसला. त्याला माझ्याबद्दल एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. एरवी माणूस घमेंडखोर आहे आणि मडमधलं त्याला ओ की ठो कळत नाही.

३ जानेवारी

रोज दोन पानं. वीस दिवसांत चाळीस. नाव ठरलं: ‘समुद्राखालची विहीर’. नाव सुवाच्य लिहिण्यात वेळ गेला. गावच्या शाळेत फळ्यावरचा सुविचार गुरुजी मलाच लिहायला सांगत. बाकीचं उद्या.

५ जानेवारी, संध्याकाळी

मागचं भरून काढायला आज सहा पानं लिहायची होती. एक झालं. पण ते सहाच्या तोडीचं आहे. हरवू नये म्हणून इथेही उतरवून ठेवतो.

“समुद्राखाली तेलाचं तळं असतं आणि आपण नळी घालून ते ओढतो, असं आपल्या घरच्यांना वाटतं. तसं नसतं. भिजलेली वीट हातात घ्या. पाणी दिसत नाही, पण वीट जड लागते. तेल आणि वायू असेच खडकाच्या बारीक भोकांत मुरलेले असतात, दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर खाली. त्यांच्यावर दुसरा घट्ट खडक झाकणासारखा बसलेला असतो, म्हणून ते जागच्या जागी राहतात. आपण त्या झाकणाला भोक पाडतो. आपण कोणाच्या तरी झाकणाला भोक पाडतो आहोत, हे विसरू नये.”

शेवटचं वाक्य आपोआप आलं. असं वाक्य आलं की मी पेन ठेवतो आणि हात जोडतो. मग लगेच पेन उचलणं बरं दिसत नाही.

८ जानेवारी

दोन दिवस लिखाण नाही. कारण मड. परवा त्याचं वजन उतरलं, ते वाढवण्यात दिवस गेला. काल वजन बरोबर होतं, त्याचा आनंद.

आजचं पान:

“आपली रिग म्हणजे तीन पायांवर उभं केलेलं लहानसं गाव. पाय समुद्राच्या तळावर टेकतात आणि गाव लाटांच्या वर उचलून घेतात. मधोमध उंच मनोरा. मनोऱ्यातून पाइपला पाइप जोडत खाली सोडायचा. टोकाला बिट, तो फिरतो आणि खडक कुरतडतो. कौतुक सगळं बिटचं होतं. पण कुरतडलेला चुरा वर कोण आणतो? मड. मड म्हणजे साधा चिखल नव्हे, मापाने कालवलेला. पंप तो पाइपमधून खाली ढकलतो, बिटच्या भोकांतून तो बाहेर पडतो आणि पाइपच्या बाहेरच्या फटीतून चुरा घेऊन वर येतो. वर चाळणीवर चुरा वेगळा करायचा आणि तोच मड पुन्हा खाली. शिवाय मडच्या वजनानेच खालचा वायू दबून राहतो. दिसत नाही, बोलत नाही, पण तो आहे म्हणून सगळे जिवंत आहेत.”

कुकला वाचून दाखवलं. तो कांदा चिरत होता. डोळ्यांत पाणी आलं. त्यात लिखाणाचाही काही वाटा असावा.

११ जानेवारी

आज किकचं पान. हे सगळ्यांत महत्त्वाचं.

“जेवढा मड खाली पाठवला तेवढाच परत यायला हवा. कमी आला तर खडक पितो आहे. पण जास्त आला तर? नवीन माणूस खूश होतो. खूश होऊ नका. खालून वायू आत शिरतो आहे आणि मडला वर ढकलतो आहे. याला किक म्हणतात. पाइप फिरवणं थांबवा, जरा वर उचला, पंप बंद करा आणि विहिरीकडे बघत राहा. पंप बंद असूनही मड येतच राहिला तर विचारत बसू नका, बीओपी मिटा. बीओपी म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा लोखंडी जबडा. आपण दिलं त्यापेक्षा जास्त परत मिळायला लागलं की माणसाने सावध व्हावं.”

कुक म्हणाला, मास्तर, हे पाठ झालं मला. आता उद्यापासून कोणी भात जास्त मागितला की मी जबडा मिटणार.

१३ जानेवारी

बारा पानं झाली. ठरल्याप्रमाणे बावीस व्हायला हवी होती, पण माझं अक्षर बारीक आहे.

आज पंप सुरू करण्याच्या पायऱ्या लिहिल्या. व्हॉल्व्ह उघडा आहे का बघा, पाइपलाइनजवळ कोणी उभं नाही ना बघा, वगैरे. पण मी स्वतः त्याच्याही आधी एक गोष्ट करतो. पंपावर हात ठेवतो, डोळे मिटतो आणि मनात देवाचं नाव घेतो. कोणाला सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी भीती वाटली म्हणून केलं, मग ती सवयच झाली. बावीस वर्षांत माझ्या पंपावर कोणाला खरचटलेलंही नाही. देवाचं पुस्तकात कसं लिहायचं? म्हणून पायरी एकच्या वर फक्त एवढंच लिहिलं:

“शून्य पायरी: पंपावर हात ठेवून एक क्षण थांबावे.”

१५ जानेवारी, घरी

दुपारी पोचलो. बायकोने दार उघडताच विचारलं, या वेळी पूर्ण चौदा दिवस आहात ना? इतकी वाट बघते. बरोबर चौदा म्हटल्यावर तिने कॅलेंडरवर गोल केला.

खिडकीजवळची माझी खुर्ची गॅलरीत गेली आहे. तिथे आता शिवणाचं मशीन आहे. उजेड चांगला येतो म्हणाली. खुर्चीला हवा लागतेय, हेही बरंच.

ट्रेनिंग सेंटरचं सांगितलं. म्हटलं, मी आता कायमचा घरी येणार, रोज. तिने कॅलेंडरवरचा गोल पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाली, रोज? तिचा विश्वासच बसेना.

१८ जानेवारी

मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. आमच्याच कंपनीच्या किनाऱ्यावरच्या स्टोअरमध्ये आहे. आठ वर्षांपूर्वी मी तिथल्या ऑफिसच्या साहेबांपुढे तीन वेळा उभा राहिलो तेव्हा चिकटला. हेलिकॉप्टरला घाबरतो, म्हणून रिगवर एकदाही आलेला नाही. पंप त्याने फक्त खोक्यात बघितला आहे. पण कॉम्प्युटरवर हात चालतो, डिप्लोमाही आहे.

सगळी पानं वाचली. म्हणाला, दाजी, तुम्ही हे बावीस वर्षं पोटात ठेवलंत कसं? आम्ही मॅन्युअल वाचून म्हातारे झालो आणि तुम्ही विटेत सांगून मोकळे. म्हणाला, वहीवर दिलंत तर कोणी बघायचं नाही, मी टाइप करतो, चित्रं टाकतो. मी म्हटलं, तुला कशाला त्रास. तो म्हणाला, त्रास कसला, घरचंच काम.

मनाचा मोठा आहे.

२१ जानेवारी

मेहुणा रोज येतो. मी त्याला एक पान देतो, तो माझ्यासाठी काहीतरी आणतो. सोमवारी गुडघ्याला लावायचा पट्टा आणला, मंगळवारी चष्म्याचं घर. आज बूट. म्हणाला, ट्रेनर म्हणून उभे राहाल तेव्हा पायात हे हवेत. एका मापाने लहान आहेत, पण भावना मोठी.

चित्रासाठी माझ्या हाताचा फोटो घेतला. पंप नव्हता, म्हणून वॉशिंग मशीनवर हात ठेवून घेतला. उजव्या हाताची करंगळी जरा वाकडी आहे, ती लपवू का विचारलं. तो म्हणाला, राहू द्या दाजी, खरी वाटते.

२७ जानेवारी

मी सांगितलं आणि त्याने टाइप केलं, म्हणून चाळीस पानं झाली. तोंडी माझा वेग चांगला आहे.

अर्जाचा फॉर्म मेहुण्याकडेच आहे. त्यात शिक्षणाचा रकाना आहे. मी म्हटलं, गावची शाळा, दहावी, असं लिही. तो म्हणाला, ते माझ्यावर सोडा दाजी, असल्या गोष्टी कशा लिहायच्या ते मला कळतं. सही फक्त शेवटी लागते, तीही बघून घेतो.

बायको आत भांडी लावत होती. तिने एकदा बाहेर येऊन आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेली.

३० जानेवारी, रिगवर

नवे बूट घालून आलो. टाच सोलली.

कुकला सगळं सांगितलं. पट्टा, चष्म्याचं घर, बूट, रोज दोनदा फोन. तो भाताचं पातेलं उतरवत होता. म्हणाला, मास्तर, तुमचा मड जरा जास्तच परत येतोय की. मी म्हटलं, नात्यात असलं माप लावायचं नसतं, तू भात बघ. भात खरंच लागला होता.

१० फेब्रुवारी

आज शेवटची तारीख. मेहुण्याचा फोन आला. दिलं, म्हणाला. साहेबांनी उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि पुढची वाचायला खाली बसले. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का? आवाज तुटत होता. समुद्रात असं होतं.

संकल्प: ट्रेनर झाल्यावर कुणालाही तुच्छ लेखायचं नाही. टूलपुशरलासुद्धा नाही, जरी त्याची अक्कल दोन नटबोल्टपलीकडे जात नसली तरी.

१३ ते २६ फेब्रुवारी, घरी

रोज लिहायचं ठरलं होतं, पण सुखात लिहायला काय असतं. शिकवण्याची रंगीत तालीम केली. बायकोला समोर बसवून केसिंगचा पाठ घेतला: भोक पाडत खाली गेलं की त्यात जाड लोखंडी पाइप उतरवायचा, सिमेंट त्याच्या आतून सोडायचं, ते तळाशी जाऊन बाहेरच्या बाजूने वर चढतं आणि भिंत पक्की होते. मग घट्ट होईपर्यंत थांबायचं. तिने विचारलं, किती वेळ थांबायचं? प्रश्न चांगला होता. मी एक तास उत्तर दिलं. शेवटी ती म्हणाली, अहो, माझी शिलाई राहिलीय. गंभीर विद्यार्थिनी आहे.

४ मार्च, रिगवर

मेसच्या फळ्यावर निकाल. इंट्रोडक्शन ट्रेनर म्हणून मेहुण्याचं नाव आहे.

टायपिंगची चूक असणार. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव होतं, तेच कोणीतरी उचललं. ऑफिसात अशा चुका होतात. एकदा मला मिळालेल्या बक्षिसावर दुसऱ्याच रिगच्या कुकचं नाव होतं.

टूलपुशर म्हणाला, मास्तर, हा तुमचा मेहुणा ना? अहो, तो तर पाण्याच्या टाकीलाही घाबरतो. मी चुकीचं समजावून सांगितलं. या वेळी तो हसला नाही. त्याचंच मला जरा वाईट वाटलं.

५ मार्च

मेहुण्याला सहा फोन केले. उचलला नाही. कामात असणार. चूक दुरुस्त करायला धावपळ लागते.

९ मार्च

बोलला. म्हणाला, दाजी, रागावू नका. तुमच्या नावाने गेलं असतं तर शिक्षणाच्या रकान्यातच अडकलं असतं, पहिलं पानसुद्धा कोणी उलटलं नसतं. म्हणून माझ्या नावाने घातलं. पुस्तक तरी जगलं ना? आता मी आत आहे म्हणजे तुम्हीही आतच आहात.

याचा अर्थ मी नीट लावला. आधी तो आत जाणार, मग मला सल्लागार म्हणून बोलावणार. थेट गेलो असतो तर नुसता ट्रेनर झालो असतो. सल्लागार वरचा.

१३ मार्च, घरी

बायकोला म्हटलं, बघ तुझ्या भावाने काय केलं. ती म्हणाली, मला माहीत होतं.

कधीपासून, विचारलं. ती म्हणाली, जानेवारीपासून. तो म्हणाला दाजींचा अर्ज अडकेल, मी म्हटलं मग तुझ्या नावाने जाऊ दे, वाया तरी नको जायला. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ती मशीनवर होती. पाय थांबवून म्हणाली, तुम्ही इतके खुशीत होता.

मग सुईत दोरा ओवताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि खरं सांगू का, चौदा दिवसांची सवय झालीय हो मला.

गॅलरीत जाऊन खुर्चीवर बसलो. अकरा वर्षं मला कमी पडली असं मी धरून चाललो होतो. तिला ती पुरली.

१४ मार्च

निश्चय झाला. साहेबांकडे जायचं आणि ही रोजनिशी पुढे ठेवायची. यात पानं तारखेनिशी उतरवलेली आहेत. वीट, मड, किक, शून्य पायरी, सगळं. याहून मोठा पुरावा कुठला?

फक्त टूलपुशरविषयी जे लिहिलं आहे ते आधी खोडायला हवं. साहेब त्याचे मित्र आहेत.

१५ मार्च

टूलपुशर खोडला. मग बायकोचं वाचलं. घरातलं घरात राहावं म्हणून तेही खोडलं. मेहुण्याला ‘मनाचा मोठा’ म्हटलेलं साहेबांनी वाचलं तर माझी बाजू लंगडी पडेल, म्हणून तेही. शाई पलीकडच्या पानावर उतरली. वीट बुडाली, अर्धी किक गेली. आता पुराव्यात मुख्यतः तारखा आहेत. मागे वळून खोडलेलं पुन्हा लिहून काढलं, पण नव्या शाईने, आणि ते कोणालाही दिसतं.

साहेबांकडे गेलो नाही. मनाने माफ केलं. असं माफ करायला मोठेपणा लागतो. दोन दिवस जेवण गेलं नाही, ते वेगळं.

३ एप्रिल, रिगवर

सगळीकडे पोस्टर लागली आहेत. पंपखोलीत, मेसमध्ये, शौचालयाच्या दारावरही. वर मोठ्या अक्षरांत ‘शून्य पायरी’. खाली पंप, आणि पंपावर हात. करंगळी वाकडी. वॉशिंग मशीन पुसून तिथे पंप लावला आहे, हात तसाच ठेवला आहे. त्याखाली ‘संकल्पना’ असं लिहून मेहुण्याचं नाव.

म्हणे मुख्य ऑफिसला सगळ्यात हीच गोष्ट आवडली. एक क्षण थांबण्याची कल्पना. सगळ्या रिगवर सक्तीची केली आहे. सेफ्टी ऑफिसर म्हणाला, बघा मास्तर, असं डोकं चालायला हवं.

कुक पोस्टरसमोर उभा राहून बराच वेळ करंगळीकडे बघत होता. मग माझ्या हाताकडे. दुपारी माझ्या ताटात भात न मागता जास्त वाढला.

१७ एप्रिल, किनाऱ्यावर

सुट्टीचा आठवा दिवस, आणि ट्रेनिंग सेंटरमधून बोलावणं. घाईने दाढी केली. आले सल्लागार, असं मनात म्हणत पोचलो. दारावर यादी होती. जुन्या लोकांसाठीसुद्धा कोर्स सक्तीचा झाला आहे. माझा रोल नंबर एकोणीस.

मेहुणा फळ्यापुढे. पायात माझ्याच जातीचे बूट, पण त्याच्या मापाचे. हातात वीट. म्हणाला, मित्रांनो, ही वीट उचलून बघा. सगळ्यांनी उचलली. माझ्यापर्यंत आली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. मी हात वर करून म्हटलं, वीट भिजवायला हवी होती, ही कोरडी आहे. तो म्हणाला, प्रश्न शेवटी घेऊ, मागच्या बाकावरचे.

चहाच्या सुट्टीत जवळ आला. म्हणाला, दाजी, वर्गात दाजी म्हणता येत नाही, समजून घ्या. आणि हळूच विचारलं, सिमेंट घट्ट व्हायला किती वेळ थांबायचं हो? पोरं विचारतील.

सांगितलं. न सांगता येत नाही मला.

१८ एप्रिल

परीक्षा. लेखी पास. किकच्या प्रश्नाला माझंच वाक्य चार पर्यायांपैकी ‘क’ होतं. मी ‘क’ला खूण केली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, हे खरं आहे, अनुभव आहे. त्याचे गुण नाहीत.

प्रात्यक्षिक नकली पंपावर. सेफ्टी ऑफिसर कागद घेऊन बाजूला. मी पंपावर हात ठेवला, डोळे मिटले, नाव घेतलं, मग पायरी एक, पायरी दोन, सगळं बिनचूक. नापास.

कारण विचारलं. त्याने कागद दाखवला. शून्य पायरीत डोळे उघडे हवेत. थांबलेल्या क्षणात आजूबाजूचा धोका बघायचा असतो, त्यासाठीच ती आहे, मास्तर. मूळ संकल्पनाच ती आहे. डोळे मिटून काय करत होता तुम्ही?

काय सांगणार. म्हटलं, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

म्हणाला, रिगवर पुन्हा घेऊ तुमची.

२ मे, सकाळी ६.१०, रिगवर

आज पुन्हा प्रात्यक्षिक झालं, खऱ्या पंपावर. सेफ्टी ऑफिसर कागद घेऊन उभा होता. टूलपुशर दारात होता, त्याने मान खाली घातली होती.

पंपावर हात ठेवला. डोळे उघडे ठेवले. समोर पोस्टर, त्यावर माझाच हात. एक क्षण थांबलो. नाव आठवेना.

पास झालो.